प्रसूतिवेदना शमवणारी नळी : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एपिड्युरल साहित्याचा आढावा

प्रसूतीच्या कळा शमवण्याच्या उपायांत एपिड्युरल ही सर्वांत परिणामकारक पद्धत आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात आता फारसा वाद उरलेला नाही. मज्जारज्जूभोवतीचे जाड आवरण, ज्याला ड्युरा म्हणतात, त्याच्या बाहेर एक अरुंद जागा असते. तीत प्लास्टिकची बारीक नळी ठेवून तिच्यातून वेळोवेळी बधिरतेचे औषध देणे, एवढेच या पद्धतीचे सूत्र आहे. वाद आहेत ते साहित्याविषयी : सुई किती जाड असावी, नळी कडक असावी की लवचिक, तिच्या टोकाला एक भोक असावे की तीन, औषध हाताने द्यावे की पंपाने. या प्रश्नांवरचे बहुतेक अभ्यास यूरोप-अमेरिकेतील मोठ्या प्रसूतिगृहांत झालेले आहेत, जिथे भूलतज्ज्ञ रात्रंदिवस प्रसूतिकक्षाच्या हाकेवर असतो. त्या अभ्यासांचे निष्कर्ष सातपुड्याच्या पायथ्याच्या जिल्ह्यात जसेच्या तसे उचलून आणता येत नाहीत. ते दुर्लक्षून चालण्याजोगेही नाहीत, कारण जिथे हात कमी आहेत तिथे साहित्याची निवड चुकली तर ती सावरून घेणाराही कोणी नसतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास असलेल्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे, मुख्यतः भिल्ल, पावरा, कोकणी आणि मावची समाजांचे, आहेत. अक्राणी आणि अक्कलकुव्यातील अनेक पाड्यांपर्यंत आजही गाडी पोचत नाही, त्यामुळे गरोदर बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्यामुळे तुटलेल्या नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगते दवाखाने चालवावे लागले आहेत. जननी सुरक्षा योजना (२००५), जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११) आणि प्रसूतीपूर्वी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ राहण्याची सोय करणारी ‘माहेरघर’ योजना यांचा रोख बाईला दवाखान्यात पोचवण्यावर आणि तिचा जीव वाचवण्यावर राहिला, आणि तो क्रम बरोबरच होता. परंतु दवाखान्यात पोचलेल्या बाईच्या वेदनेचे काय, हा प्रश्न त्या क्रमात नेहमी शेवटी ढकलला गेला. ‘कळा तर सोसाव्याच लागतात’ या एका वाक्यावर तो मिटवला जातो. शहरातल्या खासगी रुग्णालयात ‘पेनलेस डिलिव्हरी’ मागणाऱ्या बाईला मात्र हे उत्तर कोणी देत नाही.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यात पाहिला तर साहित्यानेच तिला घडवले असे दिसते. स्पेनच्या लष्करातील शल्यचिकित्सक फिदेल पाजेस यांनी १९२१ मध्ये कंबरेच्या भागातील एपिड्युरल बधिरतेचे वर्णन प्रसिद्ध केले, पण सुई काढली की औषधाचा मार्ग बंद होत असल्याने तासन्‌तास चालणाऱ्या प्रसूतीला तिचा उपयोग मर्यादित होता. १९३१ मध्ये रुमानियाच्या युजेन अबुरेल यांनी प्रसूतीत सलग बधिरता देण्याचा मार्ग दाखवला. एडवर्ड टुही यांच्या नावाने ओळखली जाणारी वाकड्या टोकाची सुई १९४० च्या दशकाच्या मध्यास आली, आणि १९४७ च्या जानेवारीत हवाना येथे मान्युएल मार्तिनेस कुरबेलो यांनी त्याच सुईतून मूत्रवाहिनीत घालण्याची रेशमी नळी एपिड्युरल जागेत सरकवली. तो प्रयोग प्रसूतीसाठी नव्हता, पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी होता. आजच्या प्रत्येक एपिड्युरल संचाची मूळ कल्पना मात्र तिथे तयार झाली.

आज बाजारात मिळणाऱ्या संचाचे पाकीट उघडले तर आत साधारणपणे एक टुही सुई, एक खास सिरिंज, वेटोळे करून ठेवलेली ९० ते १०० सेंटीमीटर लांबीची नळी, ती सुईत शिरवण्यासाठी छोटा मार्गदर्शक, नळीला सिरिंज जोडणारा चिमटा आणि एक चपटी गाळणी एवढे निघते. टुही सुई सहसा आठ सेंटीमीटर लांब असते, तिच्यावर दर सेंटीमीटरला खूण असते आणि तिचे टोक किंचित वळवलेले व बोथट असते, ज्यामुळे ड्युराला भोक पडण्याचा धोका कमी होतो आणि नळी समोर न आपटता वर किंवा खाली वळते. सुईची जाडी ‘गेज’मध्ये मोजतात आणि आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. प्रसूतीसाठी १६ आणि १८ गेज या दोन जाड्या सर्वाधिक वापरात आहेत : पहिलीतून १८ गेजची नळी जाते, दुसरीतून २० गेजची. जाड सुईचा हाताला येणारा अंदाज अधिक स्पष्ट असतो आणि जाड नळी सहजासहजी तुंबत नाही, पण चुकून ड्युरा फाटलाच तर भोकही मोठे पडते आणि त्यातून मेंदूभोवतीचा द्रव गळून होणारी डोकेदुखी अधिक तीव्र असते. बारीक सुईचा तोटा असा की तिच्यातली नळी तितकीच बारीक असल्याने औषध ढकलायला जोर लागतो आणि ती दुमडली की बंद पडते.

नंदुरबारच्या संदर्भात इथे शरीररचनेचा एक मुद्दा येतो. त्वचेपासून एपिड्युरल जागेचे अंतर बहुतेक स्त्रियांत तीन ते पाच सेंटीमीटर असते, आणि कुपोषण व रक्तक्षय ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आले अशा सडपातळ बायांत ते तीनच्या जवळ असण्याची शक्यता अधिक. स्थूल स्त्रियांसाठी बनवलेल्या लांब सुया इथे निरुपयोगी आहेत. गरज आहे ती आठ सेंटीमीटरच्या, ठळक खुणा असलेल्या सुईची आणि दोन सेंटीमीटरनंतर प्रत्येक मिलिमीटर सावकाश पुढे जाणाऱ्या हाताची. अशा ठिकाणी १८ गेजची सुई अधिक समंजस निवड वाटते.

एपिड्युरल जागा शोधण्याची रीत स्पर्शाची आहे. सुई कण्याच्या मणक्यांमधील स्नायुबंधांतून जात असताना तिला जोडलेल्या सिरिंजचा दट्ट्या दाबला तर तो आत जात नाही, कारण लिगामेंटम फ्लेव्हम हा पिवळसर, चिवट बंध समोर असतो. तो बंध ओलांडताच विरोध एकदम नाहीसा होतो आणि दट्ट्या अलगद पुढे सरकतो. याला ‘लॉस ऑफ रेझिस्टन्स’ म्हणतात आणि पूर्ण पद्धत या एका क्षणावर उभी आहे. म्हणून सिरिंज कशी आहे, याला सुईइतकेच महत्त्व आहे. काचेची सिरिंज पिढ्यान्‌पिढ्यांच्या भूलतज्ज्ञांची लाडकी. तिचा दट्ट्या स्वतःच्या वजनानेही घसरतो, पण उकळून किंवा ऑटोक्लेव्हमधून काढून पुन्हा पुन्हा वापरताना तो अडकू लागतो आणि हातमोज्यांची पावडर लागली तर खोटा विरोध दाखवतो. खास या कामासाठी बनवलेली कमी घर्षणाची प्लास्टिक सिरिंज एकदाच वापरायची असते आणि दर वेळी सारखीच वागते. साध्या इंजेक्शनची प्लास्टिक सिरिंज मात्र या कामाला चालत नाही, कारण तिच्या रबरी दट्ट्याचाच विरोध इतका असतो की बंध ओलांडल्याचे कळत नाही. सिरिंजमध्ये हवा भरावी की सलाईन, या जुन्या वादात हवेमुळे बधिरता ठिगळासारखी, म्हणजे एका बाजूस लागू व दुसऱ्या बाजूस कोरडी, राहू शकते आणि ड्युरा फाटला तर हवा डोक्यापर्यंत चढून लगेच डोके दुखते, ही निरीक्षणे सलाईनच्या बाजूने जातात.

साहित्यातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग नळीचा आहे. जुन्या आणि आजही स्वस्त असलेल्या नळ्या नायलॉनच्या, म्हणजे पॉलिअमाइडच्या, असतात. त्या आत सरकवायला सोप्या, ताणल्या तरी सहसा न तुटणाऱ्या आणि शरीराच्या उष्णतेने थोड्या मऊ होणाऱ्या असतात. परंतु कडकपणामुळेच त्या मज्जातंतूला टेकून पायात वीज गेल्यासारखी कळ उठवू शकतात किंवा एपिड्युरल जागेतील शिरेत शिरू शकतात. गरोदरपणात या शिरा फुगलेल्या असल्याने प्रसूतीत हा धोका वाढतो. दुसरा प्रकार पॉलियुरेथेनच्या नळीत बारीक तारेची गुंडाळी घालून बनवलेला असतो आणि तिचे टोक अतिशय लवचिक असते. अशा नळीने शिरेत शिरण्याचे आणि तंतूला टेकण्याचे प्रकार स्पष्टपणे घटतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ॲरो कंपनीची ‘फ्लेक्सटिप प्लस’ ही या प्रकारातील प्रसिद्ध नळी. ब्राऊन कंपनीची ‘पेरिफिक्स’ मालिका आणि ‘पोर्टेक्स’ या नावाने विकले जाणारे संच भारतातील भूलतज्ज्ञांना अधिक परिचयाचे आहेत, आणि त्यांत नायलॉन किंवा तत्सम प्लास्टिकच्या नळ्यांचे प्रमाण मोठे आहे. तारेच्या नळीच्या दोन अडचणी सांगितल्याच पाहिजेत : ती महाग असते, आणि तार असल्यामुळे ती अंगात असताना एमआरआय तपासणीस मनाई असते किंवा बंधने येतात. नंदुरबारच्या प्रसूतिकक्षात दुसरी अडचण क्वचितच आडवी येईल, पहिली मात्र दर खरेदीला येईल.

टोकाच्या भोकांचा प्रश्न नळीच्या कडकपणाशी बांधलेला आहे, हे बऱ्याचदा लक्षात घेतले जात नाही. उघड्या टोकाच्या एका भोकाच्या नळीपेक्षा, टोक बंद असून बाजूंना तीन भोके असलेल्या नळीने बधिरता अधिक सारखी पसरते आणि नळी पुन्हा बसवण्याची वेळ कमी येते, असे १९९० च्या दशकातील तुलनांनी कडक नळ्यांबाबत दाखवले. शिवाय तीन भोकांच्या नळीतून ओढून पाहिले असता रक्त येते की नाही ही खूण अधिक भरवशाची ठरते. नळी लवचिक तारेची असेल तर मात्र एका आणि अनेक भोकांत लक्षात घेण्याजोगा फरक उरत नाही. यातून खरेदी करणाऱ्यास एक सरळ सूत्र मिळते : पैसे असतील तर लवचिक नळी, तिला भोके कितीही असोत. पैसे नसतील तर नायलॉनची, पण बंद टोकाची आणि तीन भोकांची. निविदेत केवळ ‘एपिड्युरल संच, १८ गेज’ एवढेच लिहिले तर सर्वांत स्वस्त म्हणून एका भोकाची कडक नळी येण्याचा संभव राहतो, आणि ती ज्या बाईला अर्धवट लागू पडते तिच्यासाठी मध्यरात्री दुसरा संच व दुसरा हात शोधावा लागतो.

नळी आत किती ठेवावी, याचेही उत्तर ठरत आले आहे. तीन सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवली तर बाई कूस बदलताना ती निसटते, आणि सहापेक्षा जास्त ठेवली तर एका बाजूला वळून एकच पाय बधिर करते किंवा शिरेत जाते. म्हणून चार ते पाच सेंटीमीटर हा मध्यममार्ग बहुतेक ठिकाणी पाळला जातो. नळीवर दहा सेंटीमीटरला दोन, पंधराला तीन आणि विसाला चार अशा खुणांची रीत असते. सुईची खोली आणि या खुणा यांची वजाबाकी करून त्वचेपाशीचा आकडा कागदावर लिहून ठेवणे हे काम क्षुल्लक वाटते, पण पाळी बदलल्यावर आलेल्या परिचारिकेला नळी सरकली की नाही हे त्याच आकड्यावरून कळते. सुई आत असताना नळी सुईतून मागे ओढू नये हा नियमही इथेच सांगायला हवा. वळलेल्या टोकाची धार नळी कापते आणि तुकडा पाठीत राहतो. अडले तर सुई व नळी दोन्ही एकत्र बाहेर काढाव्यात.

गाळणीच्या जाळीची भोके ०.२ मायक्रॉनची असतात. काही तासांच्या प्रसूतीत तिने जंतुसंसर्ग किती टळतो याविषयी दुमत आहे, पण काचेच्या ॲम्प्युलचे कण ती अडवते, म्हणून ती ठेवलेली बरी. जोडणीचा प्रश्न मात्र जिवावरचा आहे. एपिड्युरलची नळी आणि हाताच्या शिरेतील सलाईनची नळी यांची तोंडे सारखी असल्याने एकीचे औषध दुसरीत जाण्याच्या चुका जगभर झाल्या आहेत, आणि ब्युपिव्हाकेन हे बधिरतेचे औषध शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. त्यासाठी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने वेगळ्या मापाची जोडणी ठरवून दिली. भारतात ती रूढ होईपर्यंत एपिड्युरल नळीवर ठळक रंगाची चिठ्ठी चिकटवणे आणि बाजूला औषध ढकलण्याचे तोंड नसलेली नळीच वापरणे, एवढे तरी प्रत्येक कक्षात व्हायला हवे. दुर्घटना घडलीच तर २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण, म्हणजे लिपिड इमल्शन, हाताशी असावे लागते. ज्या खोलीत ते नाही, तिथे महागातला महाग संचही उघडू नये.

औषध देण्याच्या साधनांबाबत काळाने मोठे वळण घेतले आहे. पूर्वी दाट द्रावणाने कळांबरोबर पायांतले बळही जात असे. २००१ मध्ये ब्रिटनमधील ‘कॉमेट’ अभ्यासाने सौम्य मात्रेने चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचे प्रमाण घटते असे दाखवले. आज ०.१ टक्का किंवा त्याहून सौम्य ब्युपिव्हाकेनमध्ये दर मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम फेंटानिल हे वेदनाशामक मिसळतात. ०.५ टक्क्याच्या साध्या ब्युपिव्हाकेनचे २० मिलिलिटर, फेंटानिलचे ४ मिलिलिटर आणि सलाईनचे ७६ मिलिलिटर एकत्र केले की असे १०० मिलिलिटर द्रावण तयार होते. यात दोन सावधगिऱ्या आहेत : स्पायनलसाठीचे ‘हेवी’ ब्युपिव्हाकेन आणि जंतुरोधक घातलेली बहुमात्रेची बाटली, दोन्ही इथे वर्ज्य. फेंटानिल हे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेची सोपी तरतूद केली, तिचा लाभ जिल्हा रुग्णालयांनी घ्यायला हवा.

ठरावीक अंतराने आपोआप मात्रा देणारा आणि बाईला स्वतः बटण दाबू देणारा पंप ही आजची सर्वोत्तम व्यवस्था मानली जाते. परंतु तो विजेवर चालतो, त्याची दुरुस्ती दूरच्या शहरात होते आणि त्याच्या खास नळ्या संपल्या की तो कपाटात जातो. फुग्याच्या दाबाने औषध सोडणारा इलास्टोमेरिक पंप विजेशिवाय चालतो, पण त्याचा वेग उष्णतेप्रमाणे बदलतो, आणि तापीच्या खोऱ्यातला उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून या जिल्ह्यासाठी तूर्त सर्वांत भरवशाचे साधन हाताने दिलेली दहा मिलिलिटरची मात्रा हेच दिसते. ती तास-दीड तासाने द्यावी, दर वेळी आधी ओढून पाहावे आणि नंतर वीस मिनिटे, दर पाच मिनिटांनी रक्तदाब मोजावा. याला पंप लागत नाही, प्रशिक्षित परिचारिका लागते.

जिल्ह्यात ही सेवा प्रथम कोणाला मिळावी, या प्रश्नाचे उत्तर सातपुड्यातील रक्तात आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचा दोष मोठ्या प्रमाणात आढळतो. या आजारात प्राणवायू कमी पडला, पाणी आटले, अंग गारठले किंवा वेदनेने शरीर ताणले गेले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात, आणि प्रसूतीत ही सगळी कारणे एकत्र येतात. पेथिडिनसारखे वेदनाशामक औषध अशा रुग्णांत झटक्यांचा धोका वाढवते म्हणून टाळतात. एपिड्युरल मात्र वेदना थांबवते, श्वास दाबत नाही, आणि सिझेरियन करावे लागलेच तर त्याच नळीतून बधिरता वाढवता येते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर तपासणीवर आहे. तपासणीत सापडलेली बाई गरोदर राहील तेव्हा तिच्या प्रसूतीसाठी दोन-चार लवचिक नळ्यांचे संच राखून ठेवणे हा त्याच अभियानाचा भाग मानायला काय हरकत आहे? गरोदरपणातील उच्च रक्तदाब असलेल्या मातांचा क्रमांक त्यानंतरचा. त्यांच्यात, आणि पावसाळ्यात हिवतापाने आलेल्या बायांतही, आधी प्लेटलेट मोजाव्या लागतात. त्या ७० हजारांच्या खाली असतील तर मणक्याजवळ रक्त साचण्याच्या भीतीने सुई सहसा टाळतात.

मनुष्यबळाशिवाय ही सारी तुलना कागदावर राहील, हे उघड आहे. ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञांची टंचाई हे आदिवासी भागाचे जुने दुखणे आहे. एमबीबीएस डॉक्टरांना दिलेले जीवरक्षक भूल-कौशल्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण सिझेरियनच्या निकडीसाठी आखलेले आहे, तासन्‌तास चालणाऱ्या एपिड्युरलसाठी नाही. त्यामुळे जिल्ह्यातील धडगाव किंवा मोलगीच्या रुग्णालयात आज एपिड्युरल सुरू करा असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. २०२० मध्ये सुरू झालेले नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे स्त्री रुग्णालय ही या कामाची स्वाभाविक जागा आहे. तालुक्याच्या ठिकाणी अर्धा प्राणवायू आणि अर्धा नायट्रस ऑक्साइड असलेला, बाईने स्वतः मुखवटा धरून ओढायचा वायू, आणि शासनाने २०१६ मध्ये मान्य केलेली प्रसूतिसखी, म्हणजे ओळखीच्या बाईची सोबत, हे दोन उपाय आधी पोचू शकतात. पावरी किंवा भिली बोलणारी सोबतीण असेल तर संमतीचा कागदही खरा अर्थ घेतो. ‘मणक्यात इंजेक्शन घेतले की कंबर कायमची धरते’ ही भीती व्यापक आहे, आणि एपिड्युरलने दीर्घकाळची कंबरदुखी वाढत नाही हे अभ्यासांनी दाखवलेले तथ्य बाईला तिच्याच बोलीत कळले पाहिजे. सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही, परंतु रक्तदाब उतरणे, ताप येणे आणि लघवी अडणे हे त्रास होऊ शकतात, हेही त्याच बैठकीत सांगायचे आहे.

ड्युरा चुकून फाटण्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असते, आणि तसे झाल्यास निम्म्याहून अधिक बायांना उठून बसताच वाढणारी व आडवे होताच ओसरणारी डोकेदुखी होते. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत, कधी पाचव्या दिवसापर्यंत, सुरू होते, आणि तोवर साधी प्रसूती झालेली बाई घाट चढून आपल्या पाड्यावर पोचलेली असते. म्हणून एपिड्युरल दिलेल्या प्रत्येक बाईचे नाव, सुईचा गेज आणि ड्युरा फाटल्याची शंका होती की नाही, एवढी नोंद तिच्या गावच्या आशाताईकडे त्याच दिवशी पोचली पाहिजे. घरभेटीत डोके, पायांतले बळ, लघवी आणि पाठीवरची सुईची जागा या चार गोष्टी विचारून त्यांपैकी एकीतही बिघाड दिसला तर १०८ ची गाडी बोलवायची, हे आशाताईला माहीत असले पाहिजे.